आधी डिस्चार्ज, मग तक्रार

तक्रार करायला आलेला माणूस बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतो : "मला कोणाची तक्रार करायची नाही, पण..." या 'पण'च्या पुढे जे येते ते लिहून घेणे हे माझे काम होते. नवी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात, तळमजल्यावर, क्ष-किरण विभाग आणि जिना यांच्या मध्ये एक लहान खोली आहे. दारावर 'रुग्ण तक्रार निवारण कक्ष' अशी पाटी. तिच्याखाली कोणीतरी बाण काढून 'एक्स-रे पुढे' असे लिहिले होते, कारण खोलीत डोकावणाऱ्यांपैकी निम्मे लोक एक्स-रेसाठीच आलेले असत. निवृत्त होईपर्यंत मी त्या कक्षाची प्रमुख होते. कक्ष म्हणजे मी, शिंदे नावाचे लिपिक आणि एक लोखंडी कपाट.

या नोकरीत येण्यापूर्वी मी काही वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. शाळेने मला दोन सवयी लावल्या. समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, ही पहिली. ऐकलेले नीट मुद्द्यांत बसवून स्वच्छ भाषेत लिहायचे, ही दुसरी. पहिली सवय जन्मभर उपयोगी पडली. दुसरीविषयी पुढे सांगायचे आहे.

बाहेरच्या माणसाला ही व्यवस्था ठाऊक नसते, म्हणून आधी ती थोडक्यात सांगते. सार्वजनिक रुग्णालयातील उपचारांबद्दल किंवा वागणुकीबद्दल तक्रार तोंडी करता येते, लेखीही करता येते. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे आम्ही लिहून घ्यायचे, त्याला वाचून दाखवायचे आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा. कागदाला आवक क्रमांक पडतो. तो क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत, म्हणजे पोच, तक्रारदाराने मागून घ्यायची. पोच नसलेली तक्रार ही जिन्यात बोललेल्या वाक्यासारखी असते. ऐकणारा पायऱ्या उतरून निघून जातो. पुढे कागद विभागप्रमुखांकडे जातो, त्यांचा खुलासा येतो आणि दोन्ही वैद्यकीय अधीक्षकांसमोर ठेवले जातात. तेथे समाधान झाले नाही तर आरोग्य विभागाच्या मुख्यालयाकडे जाता येते, शासनाच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर जाता येते, आणि प्रश्न डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचा असेल तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडेही. केसपेपरची प्रत मागण्याचा अधिकार रुग्णाला आहे. ती देताना उपकार केल्यासारखा चेहरा करण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

प्रवेशद्वाराशी एक तक्रारपेटीही होती. दर सोमवारी आम्ही ती दोघांच्या साक्षीने उघडत असू. तीत तक्रारींपेक्षा इतर गोष्टी अधिक निघत : गोळ्यांची रिकामी पाकिटे, देवाला लिहिलेली एक चिठ्ठी, आणि एकदा कोणाचा तरी चष्मा. सापडलेली वस्तू पेटीत टाकावी, अशी त्या प्रामाणिक माणसाची समजूत झाली असावी. चष्मा चार महिने माझ्या खणात राहिला आणि शेवटी मालक सापडला, तेव्हा त्यांनी तक्रार नोंदवली की तो आधी का दिला नाही.

ऐरोलीहून एक सेवानिवृत्त गृहस्थ येत. प्रत्येक तक्रार संगणकावर टंकलिखित, तीन प्रतींत, क्लिपसह. शिंद्यांनी त्यांना 'तीनप्रती काका' असे नाव ठेवले होते. प्रतीक्षागृहातला पंखा हलतो, टोकनच्या खिडकीची उंची चुकीची आहे, सूचनाफलकावर गेल्या वर्षीच्या शिबिराची माहिती अजून आहे, असे विषय असत.

"काका, आज तब्येत कशी आहे?" शिंदे विचारत.

"तब्येत उत्तम आहे. तब्येतीसाठी मी खाजगीत जातो. इथे मी नागरिक म्हणून येतो."

त्यांचा पंखा दोन दिवसांत दुरुस्त झाला. टंकलिखित कागद कार्यालयात अंगठ्याच्या कागदापेक्षा भरभर चालतो, हे मला त्यांच्यामुळे कळले. त्या वेळी या निरीक्षणाची मला गंमत वाटली होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्याकडील तक्रारींना एक मोठा अडथळा होता, आणि तो नियमांत कोठेही लिहिलेला नव्हता. रुग्ण आत वॉर्डमध्ये असताना नातेवाईक तक्रार करायला घाबरतात. केलीच, तर संध्याकाळी मागे घ्यायला येतात. "मॅडम, तो कागद फाडून टाका. आमचा माणूस अजून तुमच्या हातात आहे." असे मी इतक्यांदा ऐकले की वाक्य सुरू झाल्यावरच मी कागद शोधायला लागत असे. भीती सर्वस्वी खोटी नव्हती. एका सुनेने वॉर्डमधल्या मावशींच्या बोलण्याबद्दल तक्रार दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सासूची चादर संध्याकाळपर्यंत बदलली गेली नाही. कोणी मुद्दाम केले, असे सिद्ध करता आले नसते. पण सुनेला पुराव्याची गरज नव्हती.

त्यावर मी एक पद्धत काढली. तक्रारदार आला की प्रथम विचारायचे, पेशंट आत आहे का? असेल, तर म्हणणे पूर्ण लिहून घ्यायचे, पण आवक नोंदवहीत चढवायचे नाही. नोंदवही टेबलावर उघडी असते. प्रत्येक विभागाचा शिपाई तीत डोकावतो. असे कागद मी एका पिवळ्या फाईलमध्ये ठेवी, आणि रुग्ण घरी गेला की त्यांना क्रमांक देऊन पुढे पाठवी. आधी डिस्चार्ज, मग तक्रार. मागे घेतल्या जाणाऱ्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. अधीक्षकांनी एका बैठकीत या पद्धतीचे कौतुक केले, आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना मी ती स्वतः समजावून देत असे. मला तिचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या शुक्रवारी साडेबाराच्या सुमारास एक बाई दारात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. त्यांचे नाव कुसुमबाई. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत जी जुनी गावे वेढली गेली आहेत, त्यांतल्याच एका गावच्या. त्यांचे पती बाळाराम तिथल्याच एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर काम करत. आदल्या दिवशी संध्याकाळी घराच्या गच्चीच्या पायरीवरून ते घसरले आणि उजव्या हाताची मनगटाजवळची दोन्ही हाडे मोडली.

"बाय, तक्रार हितंच लिवतान ना?"

"हो. बसा. पेशंट आत आहेत का?"

"आत हाय. माज्या मानसाला काल प्लास्टर घातला. तवापासून बोटा सुजल्यान, मुंग्या येतान. रातभर झोपला नाय. डाक्टरला सांगला तर बोलतो, हाड मोडलाय, दुखनारच. एवढा बाप्या मानूस, नाटक कशाला करतो? सिस्टरला सांगला, ती बोलली हात वर ठेवा. वर ठेवला. तरी तसाच."

"डॉक्टर असं कधी बोलले?"

"सकाली. आनि आता परत, अकराला."

मी लिहिले. विषय : निवासी डॉक्टरांचे असभ्य वर्तन. मजकूर : 'सकाळी व पुन्हा अकराच्या सुमारास रुग्णाने प्लास्टरमुळे होणाऱ्या त्रासाविषयी सांगितले असता, संबंधित डॉक्टरांनी रुग्णास उद्देशून अनुचित उद्गार काढले.' सुजलेली बोटे, मुंग्या, न आलेली झोप, हे सारे 'त्रास' या एका शब्दात बसवले. आमच्या छापील नमुन्यात विषयासाठी एकच ओळ होती, आणि 'वर्तन' हा विषय मला ओळखीचा होता. वाक्य सुबक झाले होते. मी ते वाचून दाखवले. कुसुमबाईंनी मान हलवली आणि अंगठा दिला.

"आता काय व्हईल?"

"तुमचे मिस्टर घरी जाऊ देत. मग मी कागद पुढे पाठवते. तोवर वॉर्डमध्ये कोणाला काही कळणार नाही. निर्धास्त राहा."

"म्हंजे काम चालू झाला?"

"नोंद झाली," मी म्हणाले.

काटेकोरपणे पाहता तेही खरे नव्हते. कागद पिवळ्या फाईलमध्ये गेला. दीड वाजता मी डबा खाल्ला. शनिवार-रविवार आमच्या कक्षाला सुटी असे.

सोमवारी सकाळी मी कपाट उघडत असताना शिंदे म्हणाले, "मॅडम, हाडांच्या वॉर्डमधला तो पावण्याचा पेशंट. शनिवारी थेटरात घेतला म्हणे."

"कोणता?"

"ज्याची बाई शुक्रवारी आली होती. प्लास्टर फाडलं मोठ्या डॉक्टरांनी. सगळा वॉर्ड सांगतोय, सरांनी रेसिडेंटला असा झापला की पेशंट लोक उठून बसले."

मी वर गेले. अस्थिरोगाचे मुख्य डॉक्टर फारसे न बोलणारे गृहस्थ. त्यांनी शाळेतल्या मुलाला सांगावे तसे मला सांगितले. मोडलेला हात आतून सुजतो. प्लास्टर टणक असते, ते सैल होत नाही. मग सूज आतल्या आत स्नायूंना दाबते आणि रक्त पोचेनासे होते. बोटांना मुंग्या, बोट जरा सरळ केले तरी असह्य कळ, हात उंच ठेवूनही न थांबणारे दुखणे, ही खूण आहे. अशा वेळी प्लास्टर ताबडतोब चिरायचे असते. तेथे तासांचा हिशेब असतो. शनिवारी सकाळच्या फेरीत त्यांनी बोटे पाहिली, खाटेवरच प्लास्टर कापले आणि शस्त्रक्रियेला घेतले. बोटे वाचतील, पण पकड किती येईल ते सांगता येणार नाही, असे ते म्हणाले.

"शुक्रवारी दुपारी मला कोणी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मी दोन वाजेपर्यंत खाली ओपीडीतच होतो."

त्यांची ओपीडी माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. मी ती नंतर मोजली.

मी खाली आले तेव्हा कुसुमबाई माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. शिंदे त्यांना पाणी देत होते आणि त्या ते घेत नव्हत्या.

"तक्रार लिवायची हाय," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीवर बसले, कागद घेतला. "डॉक्टरांविरुद्ध ना?"

"त्याची लिवलीच हाय तुमी. आता तुमची लिवा."

शिंदे पुढे झाले. "ताई, मॅडमनी तर उलट तुमची मदतच केली. तुम्ही इकडे या, मी लिहून घेतो काय ते."

"तू बस गप, भाऊ. त्या दिशी हिनीच लिवलान, आज पन हिनीच लिवू दे. आनि मी सांगन तसाच लिवा. तुमच्या भाषेत नको."

मी तो कागद शब्दशः लिहिला. आयुष्यात प्रथमच मी कोणाचे बोलणे सुधारले नाही. तो असा होता :

'शुक्रवारी मी हिला सांगला. बोटा सुजल्यान, मुंग्या येतान, झोप नाय. हिनी लिवला आनि बोलली नोंद झाली. मना वाटला काम चालू झाला. तवर मी सिस्टरच्या मागं मागं फिरत व्हते, डाक्टरला हाका मारत व्हते. मग मी वर जाऊन त्याला बोलले, आता गप रहा, वरडू नको, मी खाली लिवून आयले, आता मोठे सायेब येतील. तो गप राह्यला. मी पन गप राह्यले. सकालपर्यंत गप राह्यलो.'

येथे माझा हात थांबला. माझा समज असा होता की मी फक्त काही केले नाही. प्रत्यक्षात मी काहीतरी केले होते. ती बाई वॉर्डमध्ये आरडाओरडा करत होती, आणि तो आरडाओरडा हाच त्या हातावरचा खरा उपाय होता. कोणीतरी वैतागून मोठ्या डॉक्टरांना बोलावले असते. माझ्या कागदाने तिला गप्प केले.

नमुन्यात नसलेला एक प्रश्न मी त्या दिवशी विचारला. "कुसुमबाई, तुम्हाला काय हवं आहे?"

"हात," त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"तो नाय तुमाला देता येत. ठाव हाय मना." त्यांनी आता पाणी घेतले, एक घोट प्यायल्या. "मग असा लिवून द्या, का मी शुक्रवारी येऊन सांगला व्हता. तो माज्याशी बोलत नाय, बाय. परवा शुद्धीवर आयला तवापासून. बोलला, तूच माजा तोंड बंद केलास. सासू बोलते, नवऱ्याच्या उशाला बसून डबा खात व्हतीस काय. मी सांगते, मी खाली जाऊन लिवून आयले, तर विचारतान, कागद कुठं? कागद नाय ना माज्याकडं. तुमी दिलाच नाय."

पोच दिलीच नव्हती. दर आठवड्याला दहा लोकांना 'पोच मागून घ्या' असे सांगणारी मी, पिवळ्या फाईलच्या कागदांना पोच देत नसे. कारण क्रमांकच पडलेला नसे.

शिंदे मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. ते माझ्या काळजीने बोलत होते. "मॅडम, तुमच्याविरुद्धची घ्या, काय हरकत नाही. पण विषय 'विलंब' टाका. विलंबाला खुलासा दिला की संपतं. आणि शुक्रवारच्या कागदाचं म्हणाल, तर तो आवक नाहीये. नोंदवहीत शुक्रवारी काहीच नाही. बघा तुम्ही."

मी त्यांना विषयाची ओळ कोरी ठेवायला सांगितले आणि दोन्ही कागद घेऊन अधीक्षकांकडे गेले. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर मला कार्यवाही करता येत नव्हती, एवढा नियम स्पष्ट होता.

अधीक्षकांनी दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा वाचले. "हे दोन्ही तुमचंच अक्षर?"

"हो, सर."

"स्वतःविरुद्ध तुम्हीच लिहून घेतलीत?"

"तक्रारदाराचा तसा आग्रह होता."

त्यांनी केसपेपर मागवला होता. शुक्रवारच्या पानावर निवासी डॉक्टरांनी लिहिले होते की रुग्णाची नवीन तक्रार नाही. "नोंदवहीतही शुक्रवारी काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर शुक्रवारी कोणी काही सांगितलेलंच नाही."

"नोंदवहीप्रमाणे नाही. माझ्या फाईलप्रमाणे सांगितलं आहे."

"ती फाईल अधिकृत नाही, बाई."

"तुम्ही तिचं बैठकीत कौतुक केलं होतं, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"अडीच वर्षं."

"विचार करा. तुमचं म्हणणं उद्या लेखी दिलंत तरी चालेल."

विचार मी जिना चढतानाच केला होता. तो धैर्याचा नव्हता, हेही सांगते. शाळेत असताना एखाद्या मुलाने मार खाऊनही खरे सांगितले, तर मी त्याला वर्गासमोर शाबासकी देत असे. ज्यांना मी अशी शाबासकी दिली, ती मुले तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. त्यांच्यापैकी कोणी तेथे उभे राहून माझ्याकडे पाहत असते तर, एवढाच तो विचार. मी तेथेच, अधीक्षकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, एक निवेदन लिहून दिले. कुसुमबाई शुक्रवारी साडेबाराच्या सुमारास कक्षात आल्या. त्यांनी बोटांची सूज, मुंग्या व निद्रानाश स्पष्ट सांगितला. मी ते मजकुरात नमूद केले नाही, नोंदवहीत चढवले नाही, पोच दिली नाही, आणि नोंद झाल्याचे त्यांना सांगितले. खाली सही, पदनाम, दिनांक. त्यावर मी आवक शिक्का मारून घेतला. पूर्वीची तारीख घालता येत नव्हती आणि मला ती घालायचीही नव्हती.

चौकशीचे येथेच सांगून टाकते. ती यथावकाश झाली. निवासी डॉक्टरांना लेखी ताकीद मिळाली आणि काही महिने त्यांना एकट्याने रात्रपाळी दिली गेली नाही. त्यांचाही खुलासा मी वाचला. छत्तीस तास ते घरी गेले नव्हते, आणि दुखण्याने ओरडणारे बारा रुग्ण त्या वॉर्डमध्ये होते. मी त्यांना माफ करण्याच्या जागी नाही, पण त्यांच्या कागदातही 'रुग्णाचा त्रास' हाच शब्द होता, हे माझ्या लक्षात आले. माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला. तो योग्य होता. अधीक्षकांनी स्वतःच्या खुलाशात, ही पद्धत आपल्या संमतीने चालू होती, असे लिहिले. त्यासाठी त्यांचा मला आदर वाटतो.

पिवळी फाईल त्याच आठवड्यात बंद झाली. तीत आणखी चार कागद होते. मी एकेक कागद हातात घेऊन त्या त्या खाटेपर्यंत गेले आणि तक्रारदाराला सांगितले की मला पुन्हा सर्व सांगा, तुमच्या शब्दांत. तिघांनी सांगितले. एक जण म्हणाला की आता राहू द्या.

नवी पद्धत अशी ठरली : तक्रार शरीराविषयी असेल, म्हणजे दुखते, सुजले, रक्त येते, श्वास लागतो, औषधाने अंगावर उठले, तर पेन हातात घेण्यापूर्वी फोन हातात घ्यायचा आणि त्या विभागाच्या ज्येष्ठ डॉक्टरांशी बोलायचे. मग लिहायचे. तक्रारदाराचे मुख्य वाक्य त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. क्रमांक आणि पोच त्याच मिनिटाला. आणि नमुन्यात एक ओळ वाढवली : 'आपणांस काय हवे आहे?' या ओळीवर लोक काय लिहितात, ते वाचण्यासारखे असते. पुष्कळांना शिक्षा नको असते. डॉक्टरांनी एकदा येऊन नीट सांगावे, एवढेच हवे असते.

भीती मात्र गेली नाही. पिवळी फाईल बंद झाल्यावर तक्रारी मागे घ्यायला लोक पुन्हा येऊ लागले. त्यावरचा उपाय मला शेवटपर्यंत सापडला नाही. वाचकांपैकी कोणावर अशी वेळ आली, तर एवढेच सांगेन की आधी वॉर्डमध्ये मोठ्याने सांगा, ज्येष्ठ डॉक्टर कोण हे विचारून त्यांना सांगा, आणि मग खाली येऊन लिहा. लिहून झाल्यावर वर जाऊन पुन्हा सांगा. कागद तुमच्या वतीने बोलतो आहे, असे समजून गप्प बसू नका.

बाळारामांनी पुढे आठ-नऊ महिने फिजिओथेरपी घेतली. पेला धरता येतो, शर्टाचे बटण लागते. लेथवर पुन्हा उभे राहता आले नाही. त्यासाठी लागणारी पकड आणि बोटांची जाण परत आली नाही. त्याच कारखान्यात ते आता हत्यारांच्या कोठीवर बसतात.

सोमवारचा दुपारचा भाग सांगायचा राहिला. निवेदनाची शिक्का मारलेली प्रत मी कुसुमबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत माझ्यापुढे धरली.

"मी नेऊन काय करू? मना वाचता येतंय काय? तुमी चला वर. तुमीच वाचा."

हाडांच्या वॉर्डमध्ये बाळाराम खिडकीकडे तोंड करून पडले होते. उजवा हात कोपरापर्यंत जाड पट्टीत, उशांवर उंच ठेवलेला. शेजारच्या स्टुलावर त्यांची आई बसली होती. आम्हांला पाहून ती उठली नाही. कुसुमबाई खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या.

मी माझे नाव सांगितले, काम सांगितले. "तुम्हाला एक कागद वाचून दाखवायचा आहे," मी म्हणाले.

"वाचा," ते खिडकीकडे पाहतच म्हणाले.

मी वाचले. शेजारच्या खाटांवरचे लोकही ऐकत होते. एकाने मोबाइलचा आवाज बंद केला. 'शुक्रवारी साडेबाराच्या सुमारास रुग्णाच्या पत्नी माझ्याकडे आल्या,' येथून 'नोंद झाल्याचे मी त्यांना सांगितले' येथपर्यंत. शेवटी माझे नाव आणि पदनाम.

बाळारामांनी मान वळवली. "परत वाचा. ती काय काय बोलली, तेवढाच वाचा."

"बोटांची सूज, मुंग्या व निद्रानाश स्पष्ट सांगितला."

"निद्रा...?"

"झोप नाही, असं त्यांनी सांगितलं."

"मुंग्या पन सांगलान?"

"सांगितल्या. सगळं सांगितलं. चूक माझी झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते मला काही बोलतील, आणि मी त्यासाठी उभी होते. पण ते आईकडे पाहून म्हणाले, "आये, जरा सरक तिकडं."

म्हातारीने स्टूल सोडले आणि ती खाटेच्या कडेला टेकली. मग ते बायकोला म्हणाले, "बस ना. उभी कशाला हायस?"